हलणारी घ्यावी की नुसती उभी राहणारी? (कप्पा एकच शिल्लक आहे)

खिडकीतला_रोबो

मंडळी, कपाटात मांडायला एक फिगर (संग्रहासाठीची छोटी प्लास्टिकची आकृती) घ्यायचीय, सल्ला हवाय. 'छंद' विभागात टाकतोय, चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

डोंबिवलीत वन बीएचके आहे. हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाला काचेची दारं आहेत आणि त्यातला एक कप्पा घरच्यांनी एकमताने माझ्या नावावर केलाय. बाकी सगळीकडे बायकोची पुस्तकं आणि चिरंजिवांची शाळेतली पदकं. दहा-बारा हजार या कामासाठी बाजूला काढलेत. बारीकसारीक गोष्टी आणून कप्पा भरायचा नाहीये. एकच वस्तू, पण मनासारखी.

दोन नावं डोक्यात घोळतायत. एक, जपानच्या बंडाई कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स मालिकेतला गोकू, म्हणजे 'ड्रॅगन बॉल'चा नायक. जेमतेम १४ सेंटीमीटरचा, पण मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे सगळं वळतं. बदलायचे चेहरे आणि हातांचे पंजे सोबत येतात. दुसरं, मेडिकॉम टॉय या जपानी कंपनीचा बेअरब्रिक, म्हणजे ठोकळ्यासारखं अस्वल, ४०० टक्के मापाचं. तो काही करत नाही, फक्त उभा राहतो. पण दुकानाच्या काचेआड पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

मित्राचं म्हणणं, फिगर घे, पैसे वसूल होतील. बायकोचं म्हणणं, अस्वल घे, निदान पाहुणे तरी 'मुलाचं खेळणं एवढं वर का ठेवलंय' असं विचारणार नाहीत. मुलगा म्हणतो दोन्ही घ्या.

ज्यांच्या घरी दोन्ही प्रकार आहेत त्यांनी सांगा. नव्याची नवलाई संपल्यावर कोणतं जास्त आवडत राहतं?


तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चाळिशीतले बाप्ये बाहुल्यांवर दहा हजार घालणार आणि वर धागा काढून सल्ला मागणार. चालू द्या.


मीनल_जे

@तिरकस, शाईच्या पेनांच्या धाग्यावर निबांबद्दल सर्वांत लांब प्रतिसाद कोणाचे होते ते आठवतंय मला. बसा गुपचूप.


सांधेवाला

मी जुन्या फिगर दुरुस्त करतो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट. बेअरब्रिक 'काही करत नाही' हे खरं नाही. डोकं, धड, कंबर, दोन हात, दोन पंजे, दोन पाय असे त्याचे नऊ तुकडे असतात आणि ते फिरतात. त्याला बसवतासुद्धा येतं. २००१ साली टोकियोत वर्ल्ड कॅरेक्टर कन्व्हेन्शन भरलं होतं, तिथे येणाऱ्यांना भेट म्हणून वाटलेली ही वस्तू. म्हणजे सांधे दोन्हीकडे आहेत. फरक एवढाच की बेअरब्रिकच्या मालकांना ते वापरावेसे वाटत नाहीत. असं का, यावर मीनल जास्त चांगलं बोलू शकेल.

आता फिगरकडे. पोझेबल, म्हणजे हवी तशी वळवता येणाऱ्या फिगरमध्ये पैसे आपण सांध्यांचे मोजतो. १९६४ साली अमेरिकेच्या हास्ब्रो कंपनीने १२ इंची जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक काढला तेव्हा तो २१ ठिकाणी हलतो हीच त्याची मुख्य जाहिरात होती. मग १९७८ मध्ये केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर आणल्या. त्यांना मान, दोन खांदे आणि दोन मांड्या, एवढेच सांधे. तरी त्या तुफान खपल्या, कारण आकार लहान केल्यामुळे त्यांच्या मापाची यानंसुद्धा परवडेल अशा किमतीत विकता आली. १९८२ मध्ये जी. आय. जो त्याच पावणेचार इंचांत परतला, पण गुडघे आणि कोपरं सोबत घेऊन. पुढे जपान्यांनी हे सगळं फार वरच्या पातळीवर नेलं. कायोडो कंपनीची रिव्हॉल्टेक मालिका २००६ ची, खटखट आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या सांध्यांची. २००८ मध्ये मॅक्स फॅक्टरीची फिग्मा आली आणि त्याच वर्षी बंडाईची फिगुआर्ट्स. तुमचा गोकू या घराण्यातला.

पण एवढे सांधे घेऊन तुम्ही करणार काय, हे आधी ठरवा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फिगर दोन जातींच्या असतात. पहिल्या रोज हातात असतात, त्यांचे सांधे सैल होतात. दुसऱ्या वर्षानुवर्षं एकाच पोजमध्ये उभ्या असतात. त्यांच्या सांध्यात रंग रंगाला चिकटतो, मग कोणीतरी हौसेने एक दिवस हात वर करायला जातो आणि मनगटाची खुंटी आतच तुटून राहते. दुसऱ्या जातीच्या जास्त येतात. म्हणजे लोक सांध्यांचे पैसे देतात आणि पहिल्या महिन्यानंतर पुतळा म्हणूनच ठेवतात.

तुमचा हात जर सारखा कपाटाकडे जाणार असेल तर फिगुआर्ट्स. नसेल तर तोच पैसा चांगल्या घडणीच्या पुतळ्यात घाला.


खिडकीतला_रोबो

सविस्तर प्रतिसादाबद्दल धन्यवाद. हात कपाटाकडे जाईल की नाही हेच तर कळत नाहीये ना.


सांधेवाला

ऑफिसात फोनवर बोलताना टेबलावरचं पेन, क्लिप, स्टेपलर काहीतरी हातात असतंच का तुमच्या?


खिडकीतला_रोबो

असतं. स्टेपलर.


सांधेवाला

मग झालं.


मीनल_जे

थांबा, इतक्यात निकाल लावू नका. माझं नाव निघालंय तर बोलतेच.

मी प्रॉडक्ट डिझाइनवाली आहे, तेव्हा माझाही पूर्वग्रह गृहीत धरा. शिल्पात रेषा वाहायला लागते. खांद्यावरून निघालेली रेषा छातीवरून कमरेपर्यंत अखंड आली पाहिजे. सांधा म्हणजे त्या रेषेवर घातलेली चीर. छातीखाली एक, कमरेत एक, मांडीच्या वर एक. गोकूच्या बाबतीत कपडे ढगळ आहेत म्हणून बरंच लपतं, पण उघड्या अंगाची कोणतीही पोझेबल फिगर जवळून बघा. कोपराशी दोन खिट्ट्या आणि मध्ये एक चपटा तुकडा दिसतो. हात सरळ असताना तो अगदीच विचित्र दिसतो. फोटोत चालतं, हॉलमध्ये चार फुटांवरून डोळ्यांत भरतं.

कॉमिक्सकार टॉड मॅकफार्लेनच्या कंपनीचं उदाहरण या वादासाठी मला फार आवडतं. १९९४ मध्ये त्यांनी त्याच्याच स्पॉन या कॉमिक्सच्या फिगर काढल्या, कोरीवकाम असं की बाकीच्यांना धडकी भरली. पुढे कोरीवकामाच्या नादात त्यांच्या बऱ्याच फिगर जवळजवळ पुतळेच झाले, सांधे नावापुरते. आणि आता त्याच कंपनीच्या डीसी कॉमिक्सवाल्या सात इंची फिगरच्या पेटीवर २२ हलत्या भागांचा अभिमानाने उल्लेख असतो. एकाच घरात दोन्ही टोकं झाली.

डिझायनर खेळण्यांकडे (बेअरब्रिकसारख्या, कलाकारांनी मोजक्या नगांत काढलेल्या) लोक 'श्रीमंतांचं फॅड' म्हणून बघतात, पण त्यांचं मूळ सांधेवाल्यांच्याच गल्लीत आहे. हाँगकाँगच्या मायकेल लाऊ या कलाकाराने १९९० च्या दशकात जी. आय. जोसारख्या १२ इंची फिगर घेऊन त्यांना स्केटबोर्डवाल्या पोरांचे कपडे, बूट, टोप्या, दागिने चढवले. १९९९ मध्ये त्याने 'गार्डनर' नावाने अशा ९९ आकृत्या प्रदर्शनात मांडल्या. मग त्याच वळणाच्या आकृत्या व्हायनिलमध्ये (मऊसर प्लास्टिकमध्ये) ओतल्या जायला लागल्या आणि सांधे गळत गेले. १९९९ मध्येच न्यूयॉर्कच्या कॉज या चित्रकाराने जपानी कंपनीबरोबर आपली 'कंपॅनियन' ही आकृती काढली, ५०० नगांचा. २००२ मध्ये किडरोबॉट ही अमेरिकी कंपनी सुरू झाली आणि पुढे त्यांचा डनी हा ससा आला.

सांधे गळण्याचं कारण सरळ आहे. इथे आकार म्हणजे कॅनव्हास. बेअरब्रिकचं अंग मुद्दाम साधं ठेवलंय, कारण त्यावर दर वेळी वेगळा माणूस वेगळं काहीतरी रंगवणार असतो. त्याला वाकवलं की वरचं चित्र तुटतं. सांधेवाले विचारत होते ना, मालक त्याला बसवत का नाहीत? म्हणून.

रोबो, तुझा कप्पा बसल्या जागेवरून डोळ्यांसमोर येतो का? येत असेल तर पुतळा घे.


कप्पाकप्पा

कलाचर्चा छान चाललीय, पण कोणी कप्प्याची उंची विचारली का? ४०० टक्के म्हणजे २८ सेंटीमीटर. १०० टक्के म्हणजे ७, आणि १००० टक्के ७० सेंटीमीटर, तो तर जमिनीवरच ठेवावा लागेल. पुस्तकांच्या कपाटात सुतार कप्पे कितीचे काढतात ते बघून घ्या आधी.

फिगरचंही गणित आहे बरं. १४ सेंटीमीटर म्हणून खूश होऊ नका. ती उंची उभ्याची. गोकूला स्टँडवर हवेत झेपावत ठेवला, एक पाय मागे, एक हात पुढे, की त्याला लांबी-रुंदीही तेवढीच लागते. पुस्तकांचा कप्पा खोलीला कमी असतो. दार लावताना काचेवर मूठ आपटेल.


खिडकीतला_रोबो

हे डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी टेप लावून सांगतो.


गुंतवणूकदादा

भावनेच्या भरात घेऊ नका. मर्यादित नगांची डिझायनर वस्तू घ्या, पेटी न उघडता ठेवा, पाच वर्षांनी दुप्पट. सांधेवाल्या फिगर कंपनी पुन्हा काढते, भाव पडतो.


टोकियोकर

दादा, अर्धं बरोबर, अर्धं धोक्याचं. कंपनीने पुन्हा काढली की जुन्या फिगरचा बाजारभाव खाली येतो हे खरं, फिग्माच्या बाबतीत इथे नेहमी बघतो. पण 'मर्यादित म्हणजे दुप्पट' हे कोणी सांगितलं? मोठ्या डोक्याच्या फिगर काढणाऱ्या अमेरिकी फंको कंपनीचं आठवत असेल. २०२३ मध्ये त्यांनी ३ ते ३.६ कोटी डॉलरचा पडून राहिलेला माल नष्ट करायचं जाहीर केलं होतं, कारण गोदामात ठेवायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जड झाला. गोळा करणाऱ्यांनी भिंतीच्या भिंती भरून ठेवल्या होत्या 'पुढे वाढेल' म्हणून.

आणि पेटी न उघडता ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, हाही गैरसमज. सांधेवाले सांगतीलच.

रोबो, घेण्याबद्दल थोडं. जपानात वापरलेल्या फिगरचा बाजार मोठा आणि बऱ्यापैकी सचोटीचा आहे. टोकियोत नाकानो ब्रॉडवेच्या इमारतीत मंदाराके या जुन्या वस्तूंच्या साखळीची दुकानं आहेत, अकिहाबाराला रेडिओ काइकान ही दुकानांची इमारत आहे. पेटी उघडली आहे का, कोणता पंजा कमी आहे, स्टँड आहे की नाही हे सगळं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एखादा पंजा कमी असेल तर भाव चांगलाच उतरतो, आणि तो पंजा तुम्हाला लागणारही नसतो. कोणी ओळखीचं येत-जात असेल तर नव्यापेक्षा हेच करा.

डिझायनर वस्तूंचं मात्र उलट. तिथे पेटी, आतला कागद, सगळं लागतं. पुढे विकायची वेळ आली तर पेटीशिवाय कोणी उभं करत नाही.


चाळीसगावकर

पार्सल मागवण्याआधी कराचं बघा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्कही सक्तीचा आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर जी किंमत दिसते ती घरपोच किंमत नव्हे. दहा-बारा हजारांचं बजेट असेल तर मूळ वस्तू त्याच्या बरीच खालची धरा.


चिंगी

सगळे काका लोक मोठमोठं बोलतायत म्हणून मी आपली हळूच. दहा हजार एका वस्तूत कशाला? ब्लाइंड बॉक्स घ्या, आत कोणती बाहुली आहे ते उघडल्यावरच कळतं! मुठीत मावतील एवढ्या, एका कप्प्यात आठ-दहा आरामात. माझ्याकडे पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या डिमू आणि स्कलपांडा आहेत, आणि एक दातवाली लबुबू (हो, खरी. दात मोजून घेतलेत, नऊ आहेत).


तिरकस

दात मोजून खेळणी घ्यायचे दिवस आले. घोडा घेताना मोजायचे एकेकाळी.


मीनल_जे

हसू आलं मला, नोंद घ्यावी.

चिंगी, लबुबूचा निर्माता कासिंग लुंग हाही त्याच हाँगकाँगच्या मंडळींतला. २०१५ मध्ये त्याने ही भुतावळ काढली, २०१९ पासून ती पॉप मार्टकडे आली, आणि २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गायनचमूतल्या लिसाने पिशवीला लटकवली म्हणून जगाला कळली. मधली वर्षं ती आमच्यासारख्या चार वेड्यांपुरतीच होती.

पण ब्लाइंड बॉक्सबद्दल माझं मत वाईट आहे. पेटीत काय आहे ते न सांगता विकायचं, आणि 'सीक्रेट' (दुर्मिळ, न दाखवलेली बाहुली) निघायची शक्यता काही मालिकांत ७२ त एक, बऱ्याचशांत १४४ त एक. वस्तू आवडली म्हणून घ्यायची की लागली म्हणून? कप्पा भरतो, पण त्यातली अर्धी मंडळी आपण निवडलेली नसतात.


चिंगी

पण उघडतानाची मजा?


मीनल_जे

ती मजा आहेच. लॉटरीतही असते.


म्हापसेकर

गोव्यातून बोलतोय, तेव्हा दोन मुद्दे. दोन्ही दमटपणाने आणि प्रेमाने भिजलेले.

पहिला. पावसाळ्यात इथे चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. एका नामांकित कंपनीची एक-षष्ठांश मापाची महागडी फिगर होती माझ्याकडे, कापडी कपडे, नकली चामड्याचं जाकीट, चेहरा हुबेहूब. काही वर्षांत जाकिटाला भेगा गेल्या, मग पापुद्रे सुटायला लागले. हात वाकवला की काळे कण खाली. फिगरने काही गुन्हा केला नव्हता, हवेतल्या बाष्पाने ते कृत्रिम चामडं आपोआप फुटत जातं. तेव्हा किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कपडे घातलेली फिगर घेऊ नये. अंगावर कोरलेले कपडेच बरे.

दुसरा मुद्दा अवांतर आहे, पण सांधेवाल्यांनी जी. आय. जोचं नाव काढलं म्हणून राहवत नाही. आपल्या पिढीने जे जो खेळले ते फनस्कूलचे. एमआरएफ आणि हास्ब्रोने १९८७ मध्ये मिळून काढलेली कंपनी, आणि तिचा कारखाना आमच्या गोव्यात. अमेरिकेत एका रंगात निघालेला शिपाई इथे भलत्याच रंगात निघायचा, आणि आज तिकडचे संग्राहक तेच रंग शोधत असतात. माझ्याकडे काही आहेत. मात्र त्यातले दोघे कमरेतून सुटलेत, वरचा भाग वेगळा, पाय वेगळे. सांधेवाले, याला काही इलाज?


सांधेवाला

आहे की! हे तर माझं सर्वांत आवडतं काम. जाकीट मेलं ते मेलं, पण हा शिपाई वाचतो.

पाठीवर एक स्क्रू दिसेल. बारीक फिलिप्स पेचकसाने तो सोडवा, पण घाई नको, जुनं प्लास्टिक आहे, मळसूत्र गेलं तर पुढे अवघड. पाठ उचलली की आत पोकळी दिसते आणि बहुधा तुटलेल्या काळ्या रबरी कड्याचे तुकडे. कधीकधी ते डांबरासारखं मऊ होऊन चिकटलेलं असतं, ते काडीने खरवडून काढा. पायांच्या जोडाला वर धातूचा एक आकडा असतो. नवं कडं त्या आकड्यात अडकवायचं, वरचं टोक धडातल्या स्क्रूच्या खांबाभोवती. मग हात त्यांच्या खोबणीत बसवून, डोकं मध्ये ठेवून, पाठ झाकायची आणि स्क्रू हलकेच आवळायचा. आवळून संपल्यावर आणखी एक फिरकी देऊ नका, तिथेच धडाला चीर जाते. पाय ताणून सोडले की झटक्यात जागेवर यायला हवेत. लोंबकळले तर कडं मोठं झालं, मांड्यांमध्ये कचकन आवाज आला तर लहान झालं. लहान कडं जास्त वाईट, ओढीने मांडीचा जोड फुटतो.

पेटीबद्दल टोकियोकर म्हणाले ते खरं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते हळूहळू बाहेर येतं. हवा खेळत नसेल तर ते पृष्ठभागावरच साचतं आणि फिगर चिकट होते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि सावलीत सुकवणं, एवढं पुरतं. कपाटाला काचेचं दार असेल तर अधूनमधून उघडं ठेवा. आणि मऊ पायाची फिगर पॉलिश केलेल्या लाकडावर थेट उभी करू नका, पाय पॉलिशला चिकटतात. खाली ॲक्रिलिकचा तुकडा टाका.

हे दोन्ही प्रकारांना लागू आहे. पुतळ्यांचा आणखी एक आजार म्हणजे कलणं. एका पायावर तोल सांभाळणारा जपानी पीव्हीसी पुतळा उन्हाळ्यात घोट्यातून हळूहळू पुढे झुकतो. गरम पाण्यात तो पाय धरून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात. पण मूळ कारण गरमी, ती डोंबिवलीत कुठे जाणार? बेअरब्रिकला हा त्रास नाही, दोन जाड पाय, बव्हंशी एबीएस, म्हणजे कडक प्लास्टिक. त्याचं दुखणं वेगळं. पांढरा असेल तर खिडकीच्या उजेडात पिवळा पडतो.


फ्रेमबायफ्रेम

उशिरा आलो. सगळ्यांनी ठेवायचंच धरून बोललंय. मी स्टॉप मोशन (एकेक फोटो जोडून केलेली फिल्म) करतो, माझ्यासाठी हा प्रश्नच नाही. एका सेकंदाच्या हालचालीला बारा फोटो धरले तरी प्रत्येक फोटोत कोपर किंचित हलवायचं असतं. पुतळ्याचं काय करू?

पण एक सांगतो. सांधे जास्त म्हणजे फिगर चांगली असं नाही. सांधा ज्या जागी सोडला तिथेच थांबला पाहिजे. बऱ्याच नव्या फिगर पेटीतून काढल्यावर घट्ट असतात, त्यांना जोर लावू नका. केसांच्या ड्रायरची गरम हवा थोडा वेळ द्या, मग फिरवा. सैल झालेल्या गोल सांध्याला पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत सांधा उघडा. ओला असताना बसवलात तर कायमचा पुतळा.

रोबो, मुलगा केवढा आहे? फोन आणि एक छोटा ट्रायपॉड असेल तर गोकू घ्याच. पुढचा उन्हाळा तुमचा आहे.


साताऱ्याचा_अण्णा

आमच्याकडे यातलं काहीच नाही, पण वाचतोय मजेने. मला दिवाळीचा किल्ला आठवला.

किल्ल्यावरचे मावळे मातीचे नाहीतर प्लास्टरचे. एकाचाही सांधा हलत नाही. भाला धरलेला कायम भाला धरून, तोफेपाशी वाकलेला कायम वाकलेला. सिंहासनावर महाराज, खाली गवळण, भाजीवाली, वाघ. वाघ बुरुजाएवढा. तरी खेळ कधी अडला नाही. पहारेकरी दरवाज्यात ठेवला तर पहारा, तोच कड्याखाली ठेवला तर तो चढून येतोय. रोज सकाळी उठून जागा बदलायचो. माझ्या चुलतभावाने एकदा एका मावळ्याची मान तुटल्यावर आगपेटीच्या काडीने जोडली, तर तो मान वळवायला लागला. त्याला आम्ही हेर केला.

तेव्हा मीनलताई आणि सांधेवाले, पुतळा हलत नसला तरी तुम्ही त्याला हलवू शकताच की.


मीनल_जे

अण्णा, तुम्ही आमच्या दोघांचे मुद्दे एका मावळ्यात संपवलेत. तो काडीवाला हेर अजून आहे का?


साताऱ्याचा_अण्णा

नाही हो. पाडव्यानंतर पाऊस झाला.


तिरकस

हा प्रतिसाद आवडला. (माझ्याकडून एवढंच.)


खिडकीतला_रोबो

टेप लावला. कप्पा साडेनऊ इंच. म्हणजे २४ सेंटीमीटर आणि थोडं वर. ४०० टक्केवालं अस्वल आडवं झोपवलं तरच बसेल. कप्पे सुताराने खिळे मारून पक्के केलेत, हलत नाहीत. फळी कापू का असं विचारलं तर बायकोने ज्या नजरेने बघितलं त्यावर वेगळा धागा निघेल.

मीनल, तुमचं म्हणणं पटलं होतं, अगदी अस्वलाचं डिझाइनही ठरवलं होतं. १०० टक्केवाला आणून समाधान होणार नाही, मला तो मोठाच आवडलाय. तो आता मोठ्या घरात.

म्हणून गोकू. बायकोचा मावसभाऊ कामानिमित्त ओसाकाला असतो, त्याला वापरलेला बघायला सांगितलंय, एखादा पंजा कमी असला तरी चालेल असं कळवलंय. कप्प्याची खोलीही मोजली, कप्पाकप्पांनी सांगितलं तसं झेपावणारी पोज पुढच्या बाजूला नेता येणार नाही, तिरकी ठेवावी लागेल. मुलाचं वय नऊ. फ्रेमबायफ्रेम, ट्रायपॉडबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


सांधेवाला

अभिनंदन. पंजे बदलताना सरळ ओढू नका, बारीक हिसके न देता किंचित फिरवत काढा, आणि मुलालाही तसंच शिकवा. वापरलेली घेताय म्हणून फोटोत मनगटं आणि घोटे जवळून मागवा. पांढरट रेघ दिसली तर प्लास्टिक तिथे ताणलं गेलंय, घेऊ नका.


कप्पाकप्पा

आणि तिरकी ठेवताना मूठ काचेकडे नको, चेहरा काचेकडे.


चिंगी

एक लबुबू पण मावेल हो बाजूला, १७ सेंटीमीटरची. नुसतं सुचवतेय.


म्हापसेकर

सांधेवाले, स्क्रू सुटले, आत तुम्ही म्हणालात तसंच डांबर निघालं. साफ केलं. आता कडी कुठे मिळतील? म्हापशात हार्डवेअरवाल्याने नळाचे वायसर काढून दाखवले.


सांधेवाला

वायसर चपटा असतो, तो चालणार नाही. गोल काटछेदाचं ओ-रिंग मागा. नळवाल्याकडे नाही, पंप आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळेल. मुंबईला कोणी येत असेल तर नागदेवी स्ट्रीटवर सांगा. तुटलेल्या कड्यावरून माप काढू नका, ते ताणून लांबलेलं असतं. शिपाईच सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. घेताना मूठभर घ्या, पुढच्यांनाही लागतील.


म्हापसेकर

शिपाई खिशात घालून निघालोच.